इचारणारे मास्तर

सर वर्गाच्या दाराशी थांबायचे आणि विचारायचे, "येऊ का?"

फिजिक्सचा तास, समोर साठ-सत्तर पोरं, आणि प्राध्यापक हातात खडू-डस्टर घेऊन दारात उभे. पोरं एका सुरात "या, या" म्हणायची आणि हसायची. जूनमध्ये नव्या वर्गाला गंमत वाटायची, गणपती येईपर्यंत अंगवळणी पडायचं. एका वर्षी मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "नको!" सर "बरं" म्हणाले आणि परत गेले. प्राचार्यांना ते स्टाफरूममध्ये पेपर वाचत बसलेले दिसले. तास का सोडला, असं त्यांनी विचारलं, तर सर म्हणाले, "त्यांनी नको म्हटलं." प्राचार्य स्वतः वर्गावर गेले, त्या पोराला हुडकून उभं केलं आणि सगळ्या वर्गाला फैलावर घेतलं. दुसऱ्या दिवशी सर पुन्हा दारात येऊन तेच विचारते झाले. त्यात टोमणा नव्हता की राग नव्हता. खरोखरच यावं की नाही, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं.

मी त्या वेळी त्याच कॉलेजात, त्यांच्याच प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर होतो. नुकताच बी.एस्सी. झालेला, नोकरी कायम होण्याची वाट बघणारा. सरांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. त्यांची आठवण निघाली की कॉलेजातली जुनी माणसं त्या "येऊ का"चीच नक्कल करतात. मला मात्र बार्शीकडचा तो कडा आठवतो.

सर मूळचे मैंदर्गीचे. घरात कन्नड. मराठी ते शाळेत शिकलेले, त्यामुळे ती जरा पुस्तकी आणि फार नीटनेटकी होती. शिपायाला अहो, विद्यार्थ्याला अहो, रिक्षावाल्याला अहो. उंचीला बेताचे, पण मनगटं पैलवानासारखी. प्रयोगशाळेच्या दाराच्या चौकटीवर बोटांची टोकं टेकवून ते लोंबकळत राहायचे, तेही आधी मला विचारून. "मी जरा लटकतो. तुम्हाला अडचण नाही ना?" मला कसली अडचण! पण मी मान हलवल्याशिवाय ते हात वर न्यायचे नाहीत.

हे लटकणं हिमालयातून आलेलं. एका उन्हाळी सुट्टीत सर तिकडं गिर्यारोहणाचा कोर्स करून आले. येताना एक नायलॉनचा दोर आणला आणि डोक्यात कातळ चढण्याचं वेड. आता सोलापुरात कातळ कुठला? नजर जाईल तिथपर्यंत ज्वारी आणि वर तापलेलं आभाळ. लोक त्यांना म्हणायचे, "सर, चढायचं तर मिलच्या चिमणीवर चढा." सर विचारात पडायचे आणि म्हणायचे, "मॅनेजर परवानगी देणार नाहीत."

किल्ल्याच्या तटाकडं मात्र ते आशेनं बघायचे. एकदा मी बरोबर होतो. तिथल्या रखवालदाराला त्यांनी विचारलं, "या भिंतीवर चढलं तर चालेल का?"

रखवालदारानं आजूबाजूला बघितलं. "चढा की. मी काय बघत न्हाय."

"पण परवानगी द्यायचा अधिकार तुम्हाला आहे का?"

"मला कुटला आलाय?"

"मग राहू द्या," सर म्हणाले. वर त्याची माफी मागितली. परत येताना मी चिडून विचारलं, कुणी बघत नसताना काय बिघडलं असतं? ते म्हणाले, "आपण कुणाच्या घरात शिरताना दार वाजवतो. घरात कुणी नसेल तर परत जातो. मग दगडाचं वेगळं काय?" हे दाराचं ते नेहमी सांगायचे. मला ते तेव्हाही पटलं नाही. दगड म्हणजे काय घर आहे?

हळूहळू आम्ही चार-पाच जण त्यांच्याबरोबर रविवारी एस.टी.नं बाहेर पडू लागलो. बार्शीच्या पुढं जमीन वर उचलत जाते आणि बालाघाटच्या रांगेचं टोक लागतं. तिथं लहानमोठे कडे आहेत. एखादा चांगला कातळ दिसला की आमचे हात शिवशिवायचे. पण सर आधी गावात जायचे. जमीन कुणाची ते विचारायचं, त्या माणसाचं घर शोधायचं, चपला काढून बसायचं, पाणी प्यायचं, पाऊसपाण्याचं बोलायचं आणि मग विषय काढायचा. शेतात गाठून विचारायचं नाही, कारण कामात असलेला माणूस नुसता सुटका करून घ्यायला हो म्हणतो. हातात फळं-मिठाई न्यायची नाही, कारण काही नेलं की ती विचारणा राहत नाही, सौदा होतो. आणि नाही म्हटलं की का म्हणून विचारायचं नाही. असे पुष्कळ नेम होते. कितीतरी रविवार आमचे नुसते लोकांच्या ओसरीवर गेले. गावकऱ्यांना आधी वाटायचं आम्ही कुटुंबनियोजनवाले आहोत. घरातले बाप्ये मागच्या दारानं पसार व्हायचे.

माझ्या बाबतीतही सरांनी तेच केलं. मला दोर बांधायच्या आधी ते आमच्या घरी आले. बावीस वर्षांचा कमावता मुलगा मी, पण त्यांनी आईला विचारलं, "यांना कड्यावर चढवू का?"

आई म्हणाली, "अजिबात नको. माझा एकुलता एक आहे."

झालं. पुढं माझे मित्र कडे चढले आणि मी खाली त्यांच्या पिशव्या राखत बसलो. मी सरांशी भांडलो. ते म्हणाले, "तुम्ही आईंचं मन वळवा. मी वळवणार नाही." शेवटी आईनंच एका संक्रांतीला तीळगूळ देताना तोड काढली. मी खाली उभा राहून दोर धरायचा. पाय जमिनीवरून सुटता कामा नये. तेव्हापासून दोर धरणारा मी. चढणाऱ्याच्या कमरेला दोराचं एक टोक, मधला दोर माझ्या पाठीवरून घेतलेला. वरचा निसटला तर मी पाय रोवून त्याला धरायचं. मी ते काम मन लावून शिकलो. सर म्हणायचे, वर जाणारा माणूस खालच्या माणसाच्या हातात असतो.

तो कडा आम्हाला बहात्तरचा दुष्काळ सरल्यानंतर दोन-तीन वर्षांनी सापडला. एका वाडीच्या मागं टेकडी, आणि टेकडीच्या पोटात तीन-चार मजली घराएवढा काळाभोर कातळ. त्याला मधोमध खालपासून वरपर्यंत एक सरळ भेग. हात घालून पंजा वळला की घट्ट बसावा, अशा रुंदीची. सर खाली उभे राहून ती भेग कितीतरी वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "चला गावात."

जमीन आबांची. साठीचा, जाड मिशांचा, मोठ्या आवाजाचा माणूस. त्यांनी आम्हाला बाजेवर बसवलं. दगडावर चढण्यासाठी सोलापूरहून तिकीट काढून माणसं येतात, हे ऐकून ते पोट धरून हसले.

"चढा की खुशाल! पडलासा तर मला बोलायचं न्हाय. पर आयका, भेगंच्या डाव्या अंगाचं माझं. उजव्या अंगाचं आमच्या धाकटीचं, भावाच्या बायकूचं. तिला इचारा."

वाटणी झाली तेव्हा बापानं हीच भेग दाखवून हद्द सांगितली होती. धाकटा भाऊ पुढं वारला. त्याच्या बायकोला सगळं गाव आक्का म्हणायचं. ती शेरडं पाळायची. कड्याच्या पायथ्याला उजव्या अंगाला दगडातून पाणी पाझरायचं आणि लहानसं डबकं साठायचं. भर उन्हाळ्यातसुद्धा ते आटत नसे. आक्काची शेरडं त्या पाण्यावर जगायची.

आक्का सरांपुढं उभीच राहिली. सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "न्हाय."

सर "बरं" म्हणून उठले. तिलाच राहवलं नाही. "का म्हून इचारत न्हाईसा?"

"नाही, ते तुमचं तुम्हाला."

"आज तुमी दोर बांदनार. उद्या तुमच्या मागनं आनखी चार येनार. वाट पडंल. मग कुनीतरी म्हनंल, ही वाट पयल्यापास्नंच हाय. मी बाईमानूस. कुटं कुटं भांडू?"

सरांनी मान डोलावली. कड्याकडं न जाता आम्ही एस.टी. पकडली. गाडीत एकानं सुचवलं की भेगेच्या डाव्या बाजूनंच चढावं, आबांचं हो आहे. सर म्हणाले, "भेगेत हात घातला की पंजा दोन्हीकडं टेकतो. अर्ध्या परवानगीवर पूर्ण हात कसा घालणार?"

मग सर दर महिन्याला वाडीला जाऊ लागले. आक्काच्या दारात बसायचे, शेरडांची चौकशी करायचे, आणि निघताना विचारायचे. ती न्हाय म्हणायची. ते बरं म्हणायचे. पुढं पुढं ती त्यांना बघितलं की भाकरी टाकायला बसायची. आधी जेवण, मग नकार. मला ते सगळं वेडेपणाचं वाटायचं. आमच्यातली बाकीची पोरं तर कंटाळून गळाली.

कातळाची बातमी मात्र पुण्यापर्यंत गेली. तिथून चार पोरं आली, थेट आबांना भेटली, आणि एका सकाळीत भेग चढून गेली. भेगेत लोखंडी खिळे ठोकून ते तिथंच ठेवून गेली. मला हे कळलं तेव्हा वाईट वाटलं, कारण त्या भेगेवर पहिला हात सरांचा पडायला हवा होता. सरांनी एवढंच विचारलं, "आक्कांना विचारलं होतं का त्यांनी?" नाही, असं मी सांगितलं. पुढच्या खेपेला आक्काला विचारून त्यांनी खालचे, जमिनीवरून हात पोचतील तेवढे खिळे काढून टाकले. वरचे तसेच राहिले, कारण ते काढायला चढावं लागलं असतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत एका दुपारी आक्का आमच्या प्रयोगशाळेत आली. पायात जाड वहाणा, खांद्यावर घोंगडं, बरोबर कुणी नाही. कॉलेजच्या फाटकापासून ती एकच गोष्ट विचारत आली होती, "ते इचारणारे मास्तर कुटं हायत?" आणि तेवढ्यावर शिपायानं तिला बरोबर आमच्या दारात आणून सोडलं.

आबांनी लिंबाची बाग लावली होती आणि त्यांना आता ते पाझराचं पाणी हवं होतं. सगळा कडा पहिल्यापासून आपल्याच वहिवाटीत आहे, असा अर्ज त्यांनी दिला होता. पुण्याची पोरं आपल्याला विचारून चढली, आक्काला कुणी विचारलं नाही, हे त्यांनी पुराव्यात घातलं होतं. चौकशीला मंडल अधिकारी चावडीवर येणार होते.

"गावातलं कुनी माझ्या बाजूनं बोलंना," आक्का म्हणाली. "आबाच्या म्होरं कोन बोलंल? मास्तर, तुमी याल का?"

सर म्हणाले, "येतो."

चावडीवर निम्मं गाव जमलं होतं. मंडल अधिकारी घामाघूम झाले होते आणि लवकर उरकायच्या बेतात होते. त्यांनी सरांना विचारलं, "या जमिनीशी तुमचा काय संबंध?"

"काही नाही. मला त्या कड्यावर चढायचं होतं."

"चढलात?"

"नाही."

"का?"

"यांनी नाही म्हटलं."

लोक हसले. अधिकारीही हसले. "पण आबांनी तर हो म्हटलं होतं?"

"आबांनी त्यांच्या अंगाचं हो म्हटलं. उजवं अंग धाकटीचं आहे, तिला विचारा, असं त्यांनीच मला सांगितलं. म्हणून मी यांच्याकडं गेलो. तेव्हापासून दर महिन्याला येतो आणि विचारतो. या नाही म्हणतात."

हसणं थांबलं. कुणीतरी मागून म्हणालं, "व्हय, येत्यात. आमी समदे बघतोय की." मग आणखी एक जण म्हणाला. जे आबांच्या विरुद्ध बोलायला तयार नव्हते, ते मास्तर दर महिन्याला येतात एवढं सांगायला तयार होते. त्यात आबांच्या विरुद्ध काहीच नव्हतं.

अधिकारी आबांकडं वळले. "तुम्ही असं म्हणाला होता?"

आबा सरांकडं एकटक बघत होते. ते खोटं बोलतील असं मला वाटलं. पण ते म्हणाले, "म्हनलो व्हतो."

पुढं मोजणी झाली, भेगेच्या खाली हद्दीचा दगड रोवला गेला, आणि पाणी आक्काकडं राहिलं. पण त्या दिवशी चावडीतून बाहेर पडताना आबांनी सरांना गाठलं. "मास्तर, माझ्या घरात पानी पिलासा तुमी."

"हो."

"मग आता आयका. माझ्या अंगाला बोटसुदीक लावायचं न्हाय."

"बरं," सर म्हणाले.

त्या संध्याकाळी आक्कानं सरांना हो म्हटलं. एकच अट घातली, तिच्या दगडात खिळा मारायचा नाही. म्हणजे आता उजवं अंग मिळालं आणि डावं गेलं. मी एस.टी.त कपाळावर हात मारून घेतला. पण सर खुशीत होते. भेगेच्या उजवीकडच्या सपाट कातळावरून वाट निघेल, असं त्यांना वाटत होतं. दिवाळीपासून ते खाली बसून तो कातळ डोळ्यांनी चढत होते. इथं बोट बसेल, तिथं पायाची कड.

थंडी सरता सरता आम्ही गेलो. दोघंच. आक्का शेरडं घेऊन डबक्यापाशी थांबली. आबा त्यांच्या हद्दीत एका दगडावर येऊन बसले, सरांचा पाय आपल्या बाजूला येत नाही ना, ते पाहायला. मी दोर पाठीवरून घेतला.

सर सावकाश चढत होते. भेग त्यांच्या डाव्या हाताशी, हातभर अंतरावर. आबांचं लक्ष तिच्यावरच. "तंगडी हिकडं येतीया!" असं ते दोनदा ओरडले, आणि दोन्ही वेळेला सरांनी पाय आणखी उजवीकडं घेतला. अर्ध्यावर कातळात एक झुडूप होतं, त्याला दोर अडकवला. त्याच्यावर दोर अडकवायला काहीच नव्हतं. खिळे मारता येत नव्हते. सर झुडपाच्याही वर दोन माणूस उंच गेले तेव्हा माझ्या लक्षात आलं की आता निसटले तर ते झुडूप टिकणार नाही आणि मी काही त्यांना धरू शकणार नाही.

तेवढ्यात त्यांच्या पायाखालचा कपचा सुटला. तो खाली येऊन डबक्याच्या कडेला फुटला, शेरडं उधळली. सर उजव्या हाताच्या बोटांवर लोंबकळत होते. पाय कातळावर घासत होते, टेकत नव्हते. डावा हात मोकळा. भेगेची कड वीतभर दूर.

"सर, डावीकडं!" मी ओरडलो. "डावीकडं धरा!"

डावा हात हवेत तसाच राहिला.

आबा उठून उभे राहिले. "धरा!" ते ओरडले. "अवो मास्तर, धरा की! माझी हाय ती, मी सांगतोय, धरा!"

सरांनी भेगेत पंजा घातला आणि वळवला. थोडा वेळ नुसते तसे राहिले, गाल कातळाला टेकून. मग पाय सापडला. भेगेतून हात काढला, पुन्हा उजवीकडं सरकले आणि वर गेले. आक्का उधळलेली शेरडं गोळा करायला निघाली. माझ्या हातांतून दोर सुटेना. बोटं आखडली होती.

टेकडीच्या मागून उतरून ते आले, ते थेट आबांकडं. उजव्या हाताची बोटं सोललेली, रक्त मनगटापर्यंत आलेलं. आबांनी त्यांना धरून घरी नेलं, ओसरीवर बसवलं, हळद मागवली आणि स्वतःच्या हातानं चेपून भरली. मी बाजूला बसून बघत होतो.

मग आबांनी विचारलं, "मास्तर, खरं सांगा. मी वरडलो नसतो तर धरलं असतं का न्हाय?"

सरांनी विचार केला. "धरलं असतं, आबा."

"आन मग?"

"मग खाली येऊन तुम्हाला सांगितलं असतं."

आबा आतल्या बाजूला वळून मोठ्यांदा म्हणाले, "चा टाका गं. आन धाकटीला बी हाक मारा."